मध्ये कुणी नाही

जेवणाच्या टेबलावर ह्यांचा जुना लॅपटॉप आणि माझा नवा समोरासमोर ठेवून आमच्या लेकीने, मुक्ताने, दोघांत एकच वायर जोडली. ह्यांच्याकडचे फोटो भराभर माझ्याकडे येऊ लागले.

"वायफायचा तो डबा नको मध्ये?" मी गोंधळून विचारलं.

"काही नको, आई. दोघांना एकमेकांचा पत्ता दिला की थेट बोलतात. मध्ये कुणी नसलं की वेगही जास्त."

मला हे काही केल्या पटेना. आमच्या घरात मधल्या माणसाशिवाय काही पोचतच नाही. आधी सासूबाई होत्या, आता मुक्ता. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला सांग, आलोच." आणि हे बसलेले असतात हाताच्या अंतरावर! भांडण म्हणावं तर तेही नाही. मग काय आहे, कोण जाणे. पत्ता तर एकच आहे आमचा.

वायरीच्या टोकाशी हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याच्याकडे बघतच मी म्हणाले, "बाबांना विचार, चहा घेणार का."

मान वर केली, तर मुक्ता केव्हाच आत गेली होती. टेबलापलीकडे हेही तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. मग त्या खुर्चीलाच म्हणाले, "आईला सांग, अर्धा कप."