शरणप्पाचा बसता खड्डा

औशाचा ताहेर कबरी खोदायचा. बाप खोदायचा, म्हणून तोही. त्र्याण्णवच्या भूकंपाची बातमी आली तसा तो कुदळ-फावडं खांद्यावर टाकून शरणप्पाच्या गावाकडं निघाला. शरणप्पा लिंगायत, किराणा दुकानदार. दर बाजाराला ताहेरच्या घरी चहा पिणारा आणि त्यापायी घरच्यांची बोलणी खाणारा.

गाव उरलं नव्हतं. एकेका चितेवर चार-चार मढी रचून रॉकेल ओतणं चाललं होतं. साहेब लोक गाडीतून उतरायच्या आधीच नाकाला रुमाल लावत होते. शरणप्पा बायकोच्या, उमादेवीच्या, प्रेताशी बसून होता.

"ताहेरभाई, आमच्यात जाळत न्हाईत. हिला पुरायचंय."

ताहेरनं खोदलं. दिवसातला कितवा खड्डा, ते त्याला सांगता आलं नसतं. वर आला तर शरणप्पा नुसता बघत उभा. खड्डा लांबट झाला होता, माणूस निजवायचा. लिंगायतांत मांडी घालून बसवतात, हे ताहेरला चांगलं ठाऊक होतं. पण हातांनी तीस वर्षांच्या सवयीनं खोदलं. मागून शिपाई ओरडला, "आटपा लवकर!"

"असू द्या," शरणप्पा म्हणाला. उमादेवीला आडवी निजवली. कुणी रडलं नाही.

पुढं शरणप्पा लातुरात आला. पोरगा वीरेश हुशार निघाला. त्यानं कोचिंगला येणाऱ्या पोरांना खोल्या भाड्यानं देत चार मजले चढवले. ताहेर महिन्याकाठी जायचा. दोघं म्हातारे गच्चीवर बसायचे, त्या खड्ड्याचं नाव काढायचे नाहीत. एकदाच शरणप्पा म्हणाला, "माझा तुम्हीच खोदा." ताहेर म्हणाला, "हाव."

बावीस वर्षांनी शरणप्पा गेल्याचा फोन आला. ताहेरला काहीच वाटलं नाही. कुदळ घेतली, एसटीत बसला.

लिंगायतांच्या स्मशानात जेसीबी येऊन उभा होता. वीरेश आडवा आला.

"चाचा, मशीन सांगितलीय."

"अप्पानं मला सांगितलं होतं."

"आईला तुम्हीच झोपवलं ना? तुरकावानी पुरली म्हणून पाव्हणे अजून टोमणे मारतात."

"आता काय बापालाबी आडवा करता?" मागून एक पाव्हणा बोललाच. मेल्या माणसाची मांडी मोजणारे हे, भूकंपात ढिगारा उचलायला एकही फिरकला नव्हता.

"हाव, मीच," ताहेर म्हणाला. "चुकलो."

हा शब्द एवढ्या वर्षांत तो शरणप्पापुढंही बोलला नव्हता. वीरेशनं मशीनवाल्याला हातानं थांबवलं. मग म्हणाला, "किती वेळ लागंल?"

"तीन तास."

"खोदा."

ताहेरनं चौकोनी खड्डा घेतला, एका अंगाला बसायपुरता कोनाडा कोरला. मग माप बघायला स्वतःच आत मांडी घालून बसला. शरणप्पा त्याच्याच अंगापिंडाचा होता.

"चाचा, झालं का?"

ताहेरनं पाठ कोनाड्याला टेकवली. आता तरी रडू येईल, असं त्याला वाटलं. आलं नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "गुडघा घासतोय. चार बोटं अजून." आणि त्यानं कुदळ उचलली.