देऊळघाटचा मिस्तरी आणि मऊ पायडल

ताईचं बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा दाजींनी ठरवलं, मायलेकांना मलकापूरच्या माहेरून बीबीला आणायचं ते एसटीनं नाही, आपल्या गाडीनं. मी तेव्हा बीबीला दाजींकडेच पडून होतो. मॅट्रिकला दोनदा आपटल्यावर मलकापूरच्या घरी थांबण्यात काही राम नव्हता, आणि कुठं जायचं म्हटलं की मी आधी तयार.

गाडी फ्रेंच. खामगावच्या कापसाच्या जिनिंगमधला एक साहेब देश सोडून जाताना दाजींना विकून गेला होता. पत्र्याची पेटी, आणि गिअरचा दांडा खालून न येता समोरच्या फळीतून बाहेर आलेला. बीबीच्या बाजारात उभी केली की सौदे थांबायचे.
"शेठ, हे छत्रीची मूठ काऊन लावून ठेवली?"
"पाऊस आला का उघडतो," दाजी म्हणायचे.

पण ब्रेक दोनदा पायडल मारल्याशिवाय लागत नव्हता. सपाटीवर चालून जातं, पण बुलढाणा सोडलं की राजूर घाट उतरायचा, आणि परत येताना गाडीत बाळ असणार. म्हणून आधी मिस्तरी शोधायचा.

ज्यांच्याकडे अशी विचित्र गाडी आहे त्यांनी हा रस्ता नीट वाचून घ्यावा. बीबी, सुलतानपूर, मेहकरपर्यंत रस्ता बरा. मेहकरच्या मिस्तरीनं बॉनेट उघडलं, पाहिलं आणि बंद केलं. मेहकर ते चिखली धूळ इतकी, की नाक झाकूनही दाताखाली कचकच लागते. चिखलीचा मिस्तरी मात्र न पाहताच म्हणाला, "होऊन जाईन. जीपचं सामान ठोकून देतो." ठोकून हा शब्द ऐकला आणि दाजींनी किल्ली खिशात टाकली. तिथल्या खानावळीत झुणका-भाकर चांगली, ठेचा मागून घ्यावा लागतो.

बुलढाण्याच्या मोटारस्टँडवर एका ट्रक ड्रायव्हरनं बशीतला चहा फुंकत सांगितलं, "देऊळघाटले जा. हुसेन मिस्तरी. हैदराबादले नवाबाच्या गाड्याईवर काम केलेला माणूस. जमत नसन तर नाही म्हणते. असं म्हणनारा सांगा बरं दुसरा कोनी."

देऊळघाट बुलढाण्याहून जवळच. हुसेन मिस्तरींचं दुकान म्हणजे लिंबाखाली चार पत्रे. आमच्याकडे गाडी दुरुस्तीला दिली की घरचा एक माणूस तिच्याजवळ बसवतात. नाहीतर विलायती सामान निघतं आणि भलतंच बसतं. दाजींनी मला बसवलं, मजुरी आधीच देऊन टाकली आणि कामासाठी बुलढाण्याला गेले. मी खाटेवर बसलो, तसे मिस्तरी हसले.
"पहारा द्यायले बसू नका, भाऊ. पायडल दाबायले बसा. ब्रेकच्या नळीत हवा गेली हाय. मी चाकापाशी स्क्रू ढिला करून हवा काढीन, तुमी दाबून धरा. एकट्यानं होत नाही हे काम."

त्यांनी धुतलेलं धोतर अंथरलं आणि निघालेला प्रत्येक तुकडा त्यावर ओळीनं मांडला. झिरपणारा जोड सापडला, तो डाख लावून बंद केला. घाई कुठंच नाही. मला मात्र बसवेना. तेवढ्यात रोहिणखेडचा एक सायकलवाला पाणी प्यायला थांबला आणि तिथल्या जुन्या मशिदीचं सांगू लागला.
"किती लांब?"
"उतारच हाय सारा. बसा मांगं."
"मिस्तरी, तासाभरात येतो," मी म्हणालो. त्यांनी मान वर केली आणि हातातला पाना धोतरावर ठेवला.

मशीद पाहण्यासारखी आहे, हे आजही सांगतो. दगड आतून गार, कोरीव काम असं की बोटानं गिरवावंसं वाटतं. मी गिरवत बसलो. जाताना उतार, म्हणजे येताना चढ, हे लक्षातच नव्हतं. अर्धा रस्ता बैलगाडीनं, अर्धा पायी करत पोचलो तेव्हा दिवस बुडायला आला होता.

मिस्तरी हात धुऊन नमाजाला निघाले होते.
"शेजारच्या म्हाताऱ्याले बसवलं होतं. त्याचा पाय टिकत नाही. पायडल अजून मऊ लागून राह्यलं. सकाळी या, अर्धा घंटा बसा, पक्कं करून देतो. तवरक घाटात नेऊ नका. दाजीले सांगा, बरं का."
"हाव," मी म्हणालो.

ते वळणाआड गेले आणि दाजी आले.
"काय म्हणला मिस्तरी?"
खरं सांगायचं तर दिवसभर कुठं होतो तेही सांगावं लागलं असतं.
"झालं म्हणला."

रात्री बुलढाण्याला मुक्काम केला. सपाटीवर ब्रेक एका दाबात लागला. दाजी खूश, आणि मला वाटलं, म्हातारा उगाच भितो.

सकाळी घाटाच्या तिसऱ्या वळणावर पायडल तळाला टेकलं. दाजींनी पुन्हा मारलं, पुन्हा टेकलं. एका बाजूला दरी होती. त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. मला कपाळावर खरचटलं. दाजींचा उजवा गुडघा फळीत चेपला. मागून आलेल्या ट्रकवाल्यांनी पत्रा वाकवून त्यांना बाहेर काढलं, तेव्हाचं त्यांचं ओरडणं मला इथं लिहिता येत नाही.

मलकापूरला आमच्या घरी दाजी पाय प्लास्टरमध्ये घालून पडले, आणि त्याच ट्रकवाल्यांबरोबर बुलढाण्याच्या स्टँडवर निरोप गेला: देऊळघाटच्या मिस्तरीनं गळा कापला. चौथ्या दिवशी हुसेन मिस्तरी एसटीनं स्वतः आले. ताईनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ते उंबऱ्याशी उभे राहिले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "भाऊ, मी तुमाले सांगलं नोतं का, घाटात नेऊ नका म्हणून?"
सगळे माझ्याकडे वळले. बाळ रडत होतं.
"नाही," मी म्हणालो. "मले तर तुमी काहीच नाही बोलले."
ते "बरं" म्हणाले आणि गेले.

दोन महिन्यांनी प्लास्टर निघालं. गुडघा वाकला नाही, वाकणारही नाही. त्या रात्री दाजींना सगळं सांगितलं. वाटलं, मारतील. त्यांनी काठी उचलली आणि परत खाटेला टेकवली.
"मले सांगून काय होते बे? जिथं त्याचं नाव गेलं तिथं जाऊन सांग."

गेलो. बुलढाण्याच्या स्टँडवर त्याच चहाच्या गाड्यापाशी पाचसहा ड्रायव्हरांसमोर सगळं सांगितलं. एकानं विचारलं, "किती दिले बे त्या मिस्तरीनं तुले?" बाकीचे हसले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, तर ते उठून गाड्या काढायला गेले.

मग देऊळघाटला गेलो. लिंबाखाली पत्रे नव्हते. हुसेन मिस्तरी एका मळ्यात पाण्याचं इंजिन खोलून बसले होते. मी बोलत होतो, ते ऐकत होते.
"इथं बरं हाय," ते म्हणाले. "मोटार कोनी आणत नाही आता."
मी बसू का, काही धरू का, असं विचारलं.
"नको," ते म्हणाले. "हे एकट्याचं काम हाय."

आता मलकापुरात घरीच असतो. अंगणात दाजी काठी घेऊन चालायचा सराव करतात, ताई बाळाला घेऊन मागून चालते. ते तिघं बीबीला एसटीनंच जातील. गाडी भंगारात गेली. तुमच्यापैकी कोणाकडे तसली गाडी असेल, तर स्टँडवर काहीही सांगोत, देऊळघाटच्या मळ्यांमध्ये हुसेन मिस्तरींना विचारत जा. ते नाही म्हणतील. तरी विचारा.