पंगतीतलं आणि पुड्यातलं

महानंदाआक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांच्यासमोर धर्मापुरीत कुणी भेसळीची बाजू घ्यायची सोय नव्हती. दुधात पाणी घालणाऱ्याला त्या भर रस्त्यात गाठून चार शब्द सुनवायच्या. मलाही रोज काही ना काही शिकवायच्या, आणि मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं द्यायची. पण त्यांच्या येसराला नाव ठेवायची माझीसुद्धा हिंमत नव्हती.

येसर म्हणजे ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, त्यात मिरची, धने, खोबरं घालून दळायचं. उकळत्या पाण्यात कालवलं की आमटी तयार. दिवसभर ऊस तोडून पाठ मोडलेल्या बाईला फडावर याच्यासारखा आधार नाही. म्हणून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर निघायच्या आत वस्तीवरच्या बाया आमच्या दारात येसर न्यायला येतात. त्यांत कौशल्याबाई सगळ्यांत जुन्या. पुडा हातात पडला की पिशवीत टाकायचा, उघडून बघायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता.

टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी आक्का आमच्या जंगम गुरूंना, सिद्धेश्वर स्वामींना, जेवायला बोलवतात, आणि त्याच पंगतीला या बायांनाही. आमटी अर्थातच येसराची. वाढताना आक्कांचं दरवर्षीचं एक वाक्य ठरलेलं, "जे पंगतीत, तेच पुड्यात." मला त्या वाक्याचा कंटाळा आला होता, पण ते खरं होतं.

मागच्या वर्षी त्यांनी सरकारी नोंदणी करून घेतली. त्यासाठी अंबाजोगाईला शिबिराला गेल्या. खायचा रंग जिलेबीत चालतो, दळलेल्या मसाल्यात चालत नाही, आणि पुड्यावर छापाल तेच आत असलं पाहिजे, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. घरी आल्यावर आठवडाभर आम्ही तेच ऐकत होतो, जसं काही आम्हीच चोरून रंग घालत होतो. मग लेबल छापून आलं. घटक, तारीख, नोंदणीचा नंबर, आणि खाली ठळक अक्षरांत 'कृत्रिम रंग नाही'. पहिलं लेबल आक्कांनी देव्हाऱ्यात ठेवलं.

यंदा मिरची पावसात भिजलेली मिळाली आणि येसर फिकट झालं. बाजारात बाहेरगावचे लालभडक पुडे आलेले. बाया आक्कांचा पुडा हातात घ्यायच्या, "यंदा मिरचीला हात आखडला जणू," म्हणायच्या आणि खाली ठेवायच्या. कंजूष म्हटलेलं आक्कांना कधी सोसलं नाही. परळीहून त्यांनी रंगाची डबी आणली. डबीवर सरकारी शिक्का होता, खायचाच रंग होता, असं त्यांनी मनाला समजावलं. हे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. शिबिरात काय सांगितलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या.

पुडे लाल झाले आणि हातोहात गेले. मला वाटलं, मिरची बदलली असेल.

पंगतीच्या दिवशी सिद्धेश्वर स्वामी पाटावर बसले, समोर बायांची ओळ. आक्का आमटी वाढत होत्या आणि मी मागून भाकरी. आपलं ठरलेलं वाक्य आक्का त्या दिवशी बोलल्या नाहीत. मी मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाचे.

कौशल्याबाईंनी भाकरी कुस्करली, आमटीत कालवली आणि ताटाकडे बघत राहिल्या. मग हसून म्हणाल्या, "आक्का, आमच्या पुड्यातली आमटी कशी लाल व्हती. पोरींची बोटं रंगली. अन् स्वामींच्या ताटात ही फिकी? देवमाणसापरीस आमाला चांगलं दिलंत. लई जीव लावता बगा."

बाया कौतुकानं हसल्या, स्वामीही हसले. आक्का मात्र भांडं हातात धरून तशाच उभ्या. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला सगळं कळलं. तेव्हा मला इतकी लाज वाटली की वाटलं, कुणीतरी विषय बदलावा आणि हे इथंच मिटावं. आक्का गप्प राहिल्या असत्या तर खरोखर मिटलंही असतं.

आक्कांनी भांडं खाली ठेवलं. "कौशल्याबाई, ती मिरची न्हाई. जिलेबीचा रंग हाय. मसाल्यात घालायला बंदी हाय, अन् मीच घातला."

"मंग ह्या आमटीत?"

"ह्यात न्हाई."

"ह्यात कावून न्हाई?"

आक्का मान खाली घालूनच म्हणाल्या, "हे स्वामींना वाढायचं व्हतं."

स्वामींचा हात ताटातच थांबला. कौशल्याबाईंनी मात्र ताटातलं सगळं संपवलं, कारण अन्न टाकून उठणारी ती बाई नाही. हात धुतले आणि कुणाकडेही न बघता निघून गेल्या. दरवर्षी जाताना त्या "येते आक्का" म्हणायच्या, यंदा नाही म्हणाल्या.

सकाळी आक्का फिकं येसर डब्यात भरून वस्तीवर निघाल्या, सोबत मी. ट्रॅक्टरवर बोचकी चढत होती. आक्का एकेकीकडून लाल पुडा परत घेऊन मोकळं येसर देत होत्या. कुणी हसून घेतलं, कुणी गुमान. एकजण म्हणाली, "राहू द्या की आक्का, लालच बरं दिसतं." ते ऐकून आक्का आणखीच खाली बघायला लागल्या.

कौशल्याबाई शेवटी आल्या. लाल पुडा परत दिला. फिकं येसर चिमूटभर तळहातावर घेतलं, कळशीतलं पाणी त्यावर सोडलं, बोटानं चोळलं आणि उजेडात धरून बघितलं. आक्का समोर उभ्या होत्या. इतक्या वर्षांत ज्या बाईनं पुडा कधी उघडून पाहिला नव्हता, ती आज त्यांच्या देखत तपासत होती.

पाण्याला रंग सुटला नाही.

"बरं हाय," कौशल्याबाई म्हणाल्या आणि पिशवी पुढे केली.

येसर ओतून झाल्यावर आक्कांनी त्यांचा तळहात पुसायला पदर पुढे केला. पण कौशल्याबाईंनी तो आधीच आपल्या लुगड्याला पुसला होता.