चंद्रकोरीचा दगड

जिवलीला मी फसवलं, हे आधीच सांगून टाकते. हरेशनं फसवलं तेही सांगणार आहे, पण त्याच्या आड लपायचं नाही मला.

जिवली आमच्या खर्डीच्या मागच्या वाडीतली. माती नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड रचून बांध घालायची. तिच्या बांधाला म्हैस अंग घासून गेली तरी दगड हलत नसे. ती म्हणायची, दगडाला तोंड असतं आणि शेपूट असतं. तोंड बाहेर, दिसायला. शेपूट आत, धरायला. बहिणीच्या माघारी तिचं पोर, म्हणजे हा हरेश, तिनंच वाढवला. त्याला सगळं शिकवलं, हातचं काही राखलं नाही. पण मेल्याचा हात कधी बसलाच नाही. त्यानं रचलेला बांध शेळीनं उडी मारली तरी ढासळायचा. मग त्यानं सापगावात साच्यातले दगड करायची शेड टाकली.

आमचे हे भातसानगरला धरणावर होते. रिटायर झाल्यावर आम्ही खर्डीत घर बांधलं. बागेचा बांध तुझ्याच हातचा, असं मी जिवलीला तोंड भरून सांगितलं होतं. जन्मभर तिनं शेतातले बांध घातले. रस्त्यालगत, येणाराजाणारा थांबून बघेल असा हा पहिलाच असणार होता. त्याची ती वाट बघत होती.

हरेश तिला म्हणाला, मावशे, बाईंना आधी नमुना दाखवू, माझ्या शेडमध्ये चार फूट रचून दे. तिनं नदीकाठचे दगड एकेक करून वेचले. मधोमध बसवायला घरात जपलेला एक आणला. नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या तिच्या नवऱ्यानं फोडलेला. त्याच्या तोंडावर घणाचा टवका उडाला होता, अगदी चंद्रकोरीसारखा. ती घरी गेल्यावर हरेशनं त्या भिंतीवर रबराचा लेप चढवला आणि वाळल्यावर सोलून काढला. झाला साचा. त्यात सिमेंट ओतायचं, वर रंग मारायचा, की दीड इंच जाडीचे दगड तयार.

मला त्यानं ते दाखवले. हलके, स्वच्छ, आठ दिवसांत चिकटवून मोकळे. खोटं कशाला बोलू, भुलले मी. घराची पुढची बाजू, तुळशीचा कट्टा, बागेची भिंत, सगळीकडे तेच लावून घेतले. जिवलीला साधा निरोपही धाडला नाही. जीभ रेटेना.

वास्तुशांतीला ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. भिंतीवरून बोट फिरवत चालली. चार फुटांवर चंद्रकोरीपाशी थांबली, पुन्हा चार फुटांवर तशाच चंद्रकोरीपाशी थांबली. टोकाला पोचल्यावर माझ्याकडे वळली.

"बाई, ह्यो माझ्या माणसानं फोडलेला दगड. त्यो एकच व्हता."

जेवायला थांबली नाही. भाच्यानं केसानं गळा कापला होता तिचा, आणि केसाचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

पाहुणे मात्र हसले. जिकडेतिकडे तीच चंद्रकोर म्हणे. मी हरेशवर उखडले. तो म्हणाला, परसातल्या भिंतीला वेगळा माल लावू, मावशीकडनं इथंच नवा नमुना रचून घेतो. काडीची लाज नाही. आणि मी? मी त्याला परसातली जागा मोजून दिली.

जिवली हो म्हणाली. नवऱ्याचा दगड तेवढा आधी परत दे, म्हणाली. तो मिळाल्यावर माझ्या परसात चार दिवस एकटी रचत राहिली. चहा नेला की "ठेवा" एवढंच बोलायची.

पाचव्या दिवशी हरेश रबराची बादली घेऊन आला आणि बघतच राहिला. सगळा बांध ओबडधोबड, शेपटांचा. ढकलून पाहिला, हलला नाही.

"मावशे, तोंडं कुठं हायेत?"

ती हात धूत होती. "आत हायेत," म्हणाली. "एकदा नेलीस ना रे. पुरं झालं."

चंद्रकोरीचा दगड त्या बांधात नव्हता. तो डोक्यावर घेऊन ती वाडीकडे चालू लागली. मी हाक मारली, तरी वळली नाही.