शून्य किलोचं लेकरू

सुभद्राबाईंच्या अंगणवाडीला नावं ठेवायची हिंमत बत्तीस वर्षांत कोणाची झाली नव्हती. आता निवृत्तीला आठ दिवस उरले असताना ती एका कॉम्प्युटरनं केली!

झालं असं, की मे महिन्याची यादी आली आणि मुलांच्या सरासरी वजनात नागपूरच्या महाल भागातली बाईंची अंगणवाडी सगळ्यात खाली. नऊ किलो! उद्याच्या बैठकीत ही यादी सगळ्यांसमोर वाचली जाणार होती. म्हणजे जाता जाता तोंडाला काळं. बाईंचं डोकं असं सणकलं, की जुनी रजिस्टरं पिशवीत कोंबून त्या भरउन्हात निघाल्या आणि थेट श्रावण विणकराच्या दारात उभ्या राहिल्या. श्रावणचे माग कधीच बंद पडले, तो आता बुटीबोरीला मिलमध्ये जातो. पण यादीचा प्रोग्राम लिहिला होता त्याच्या पोरानं, अंकुरनं. हाच अंकुर लहानपणी बाईंच्या वजनकाट्याच्या झोळीत पाय झाडत लोंबकळलेला.

"काहून गा अंकुर, लेकरं उपाशी मारून राहिली काय मी?"

अंकुर गडबडला. त्यानं लॅपटॉप उघडून दाखवलं. मुलं चोवीस, वजनांची बेरीज दोनशे सोळा, भागिले चोवीस, आले नऊ.

"आन् हे सहा रिकामे रकाने?" बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ती लेकरं गेली मामाकडे, उमरेडले. वजन केलंच नाही, तर लिहू काय?"

"रिकामा रकाना प्रोग्राम शून्य धरते, बाई."

"शून्य किलोचं लेकरू कुठी पाह्यलं काय गा तू?"

अंकुरला हसू आलं, आणि मागोमाग लाजही वाटली, कारण चूक त्याचीच होती. त्यानं ती ओळ बदलली. भरलेले रकाने तेवढे मिळवायचे, आणि जितके भरलेले तितक्यांनीच भागायचं. दोनशे सोळा भागिले अठरा. नवाचे बारा झाले, अंगणवाडी वरून तिसरी आली. शेजारी त्यानं आणखी एक रकाना जोडला: चोवीसपैकी अठरा मुलं मोजली.

"आन् सगळीच गावाले गेली तर?"

"मग आकडाच येणार नाही. माहिती नाही, असं येईल."

"हं. आता माणसासारखं बोलून राहिला."

बाईंचा जीव भांड्यात पडला. मग चहा झाला, आणि अंकुरनं सहज पिशवीतलं एक रजिस्टर ओढलं. अठ्ठ्याण्णव सालचं, कडा कुरतडलेलं. काय काळ होता तो! सकाळी आठाला गल्लीभर मागांची खटखट सुरू व्हायची आणि त्या तालावर लेकरं बडबडगीतं म्हणायची. प्रत्येक रिकाम्या रकान्यासमोर बाईंनी बारीक अक्षरात कारण लिहिलेलं. मावशीच्या लग्नाला. गोवर. मामाकडे. पानं उलटता उलटता तो हसत होता, आणि ऑगस्टवर थांबला.

अंकुर श्रावण. रकाना रिकामा. पुढं कारणही नाही.

"हे काय, बाई? मी कुठी गेल्तो?"

बाईंनी कप खाली ठेवला.

"कुठीच नाही गा. काट्याजवळच होता तू. हगवणीनं पार चिपाड झाला होता. तुही माय म्हणे, वजन करा. माह्या हातानं तुले झोळीत टाकवलंच नाही. तो आकडा पाहाची माही हिंमतच नव्हती. तसाच उचलला आन् रिक्षात घालून दवाखान्यात नेला. कारण काय लिहू, मी भेली म्हणून?"

अंकुरनं त्या रिकाम्या रकान्यावरून अंगठा फिरवला.

"आन् पुढच्या महिन्यात? किती भरलो मी?"

पान उलटायच्या आधीच बाई बोलल्या, "आठ किलो सहाशे. डोळे भरून आल्ते, काटा दिसत नव्हता. पुसून पुन्हा पाह्यला."

त्यानं पान उलटलं. आठ किलो सहाशे.