उजवा हात बॉलचा

घोडेगावचा किसन बादली डाव्या हातानं उचलायचा, दार डाव्या हातानं लोटायचा, ओझंही डाव्याच खांद्यावर घ्यायचा. डावखुरा मात्र नव्हता. जेवण आणि गोलंदाजी सोडली तर उजव्या हाताला त्यानं कामच ठेवलं नव्हतं. कुणी हसलं की म्हणायचा, "उजवा बॉलचा हाय. त्याला कशाला राबवायचं?" जावयाचेसुद्धा एवढे लाड होत नसतील, असं मी त्याला चिडवत असे.

महायुद्धाच्या त्या वर्षांत तो नगरच्या आमच्या क्लबात पगारी बोलर होता. सकाळी मैदानावर पाणी मारायचं, दुपारी मॅटिंग अंथरायचं आणि संध्याकाळी आम्हा हौशी मंडळींना बॉल टाकायचे. लहानपणापासून ज्वारीच्या रानात पाखरांवर गोफण चालवून त्याचा खांदा तयार झालेला. मी शाळामास्तर आणि क्लबाचा कप्तान, पण त्याच्यापुढं माझी बॅट कधी वेळेवर खाली आली नाही. पुण्याच्या एका मोठ्या संघानं त्याला चाचणीला बोलावलं, तेव्हा त्यानं आईला नवं लुगडं कबूल केलं.

चाचणीच्या आदल्या रविवारी छावणीतल्या गोऱ्यांशी आमचा सामना होता. सकाळपासून एका टोकानं किसनच टाकत होता. चहानंतर तो खांदा चोळत माझ्याकडे आला.

"मास्तर, खांदा लई ठनकतोय. जरा थांबू का?"

गोऱ्यांचे दोनच गडी उरले होते. मला हाव सुटली. म्हटलं, "एकच ओव्हर टाक, किसन."

"तुमी म्हनता तर टाकतो."

एकेक म्हणत मी आणखी सात टाकून घेतल्या. आम्ही जिंकलो, हार माझ्या गळ्यात पडले. किसन दुसऱ्याच दिवशी गावी गेला तो परतलाच नाही. पुण्यालाही गेला नाही. गुरं बघायला माणूस नाही, असा निरोप आला. मी चिडलो. "याच्या नशिबात शेणच," असं क्लबात चारचौघांत बोललोही.

वर्षानं घोडेगावच्या बैलबाजारात तो दिसला. डाव्या हातात कासरा, डाव्या खांद्यावर घोंगडी.

"अजून उजव्याचे लाड चाललेत वाटतं?" मी म्हटलं. तो नुसता हसला आणि मला घरी जेवायला घेऊन गेला.

आईनं ताटं वाढली. तिच्या अंगावर जुनंच लुगडं होतं. किसननं भाकरी डाव्या हातानं मोडली. उजवा मांडीवर तसाच पडून होता. सदऱ्याच्या गळ्यातून खांद्यावरचे काळे डाग दिसत होते. दुखणं जावं म्हणून आईनं विळा तापवून दिलेले.

मी हातातला घास ताटात ठेवला. त्याचा हात मी घालवला होता आणि वर त्यालाच नावं ठेवली होती.

"अरे, मला कळवायचं तरी."

"तुमी जिंकल्याच्या खुशीत हुता," किसन म्हणाला. "जेवा मास्तर, कालवण निवतंय."