काळी चाकं, लाल कड

पोलिस खात्यातून निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, पण काळ्या चाकांची पांढरी गाडी शेजारून गेली, की खडकवासल्याची ती सकाळ हटकून आठवते. धरणाच्या रस्त्यावर फिरायला निघालेल्या एका निवृत्त शिक्षिकेला मागून गाडीने उडवलं होतं. बाईंचा पाय दोन ठिकाणी मोडला आणि गाडीवाला थांबलासुद्धा नाही.

घटनास्थळी पंचनामा करताना साक्षीदार मिळाली एकच. भजीची गाडी लावणाऱ्या मावशी. त्यांनी जबाब दिला, "गाडी पांढरी व्हती. चाकं मोठाली, काळी, त्याला लाल कड. बाईंना उडवलं आन् तिथंच वळून पुण्याकडं ग्येली. वळताना चाकं लई घासत व्हती." नंबर त्यांना दिसला नव्हता. मी सगळं लिहून घेतलं, पण शेवटच्या वाक्याकडे काही लक्ष दिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी खबऱ्याचा फोन आला. जवळच्याच गावातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाकडे अगदी तशीच गाडी होती, चाकांसकट. आम्ही त्याला ठाण्यात आणलं. तेवीस वर्षांचा, अंगाने दणकट, हातात कडं, दाढी कोरलेली. माझ्या मनाने निकाल तिथेच देऊन टाकला होता, हे आज कबूल करतो.

"साहेब, त्या टायमाला मी गोठ्यात व्हतो. धार काढत व्हतो. आईला इचारा."

"आई तर तेच सांगणार," मी म्हणालो. दिवसभर बाकावर बसवून तेच तेच प्रश्न विचारले, आवाजही चढवला. तो एकाच उत्तरावर ठाम होता. संध्याकाळी आमच्या हवालदारांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. या मुलाची सैन्यात निवड झाली होती आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज आमच्याच ठाण्यात आला होता. गुन्ह्यात नाव आलं, तर त्याची भरती तिथेच संपणार होती. हवालदार फक्त एवढंच म्हणाले, "साहेब, एकदा गाडी वळवून बघू या का? मावशी घासण्याचं बोलल्या होत्या." मला त्यांचा थोडा रागच आला. खरं सांगायचं तर माझं मलाच सुचायला हवं होतं.

ठाण्याच्या आवारात गाडी पूर्ण डावीकडे वळवली, मग उजवीकडे. कसलाही आवाज आला नाही. ही अलॉयची चाकं कुठे बसवली, असं विचारल्यावर मुलाने खडकीतलं एक दुकान सांगितलं.

ते दुकान आता नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुलाची गाडी तिथे घेऊन गेलो. मालक सत्तरीचे, दारूगोळा कारखान्यात उमेदवारी केलेले, नाकावर चष्मा. गाडी बघताच म्हणाले, "ही घासणार नाहीत. मी बसवलीत. पोरगा याच्याहून मोठी मागत होता. त्याला सांगितलं, चाक गाडीला शोभायला हवं, तुझ्या मित्रांना नाही. त्याने ऐकलं."

"आणि न ऐकणारे?"

"असतात की. मागे एक साहेब आले होते. हीच गाडी, हेच डिझाइन, पण दोन इंच मोठं हवं होतं. मी म्हटलं, अहो, वळताना आत घासेल, टायर फाटेल. तर म्हणाले, आपण फक्त बसवा. मी म्हटलं, हे चाकांचं दुकान आहे, ब्यूटी पार्लर नाही. त्यांनी दुसरीकडून बसवून घेतली." मग चष्मा पुसत त्यांनी आणखी सांगितलं, "परवा परत आले होते. कंपनीची पत्र्याची चाकं डिकीत घेऊन. म्हणाले, जुनीच बसवा. मला बरं वाटलं, म्हटलं, उशिरा का होईना, अक्कल आली."

परवा म्हणजे अपघात झाला त्याच दिवशी दुपारी. साहेबांचं नाव मालकांना माहीत नव्हतं, पण काचेवर हिंजवडीतल्या एका कंपनीचं पार्किंगचं स्टिकर होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. तिथल्या सुरक्षा विभागाकडून गाडीच्या वर्णनावरून आम्हाला संध्याकाळपर्यंत पत्ता मिळाला.

घर पेठेतलं, माणूस चाळिशीचा, बोलणं अत्यंत सभ्य. "आपला काहीतरी गैरसमज होतोय. माझ्या गाडीला कधीच अलॉय व्हील्स नव्हती." मी त्यांच्याशी 'अहो-जाहो' करत होतो, हे माझं मलाच जाणवलं. त्या पोराला मी दिवसभर 'अरे-तुरे' केलं होतं.

खाली जाऊन मी गुडघ्यांवर बसलो आणि पुढच्या चाकाच्या वर, आत टॉर्च मारली. फेंडरच्या आतलं काळं प्लास्टिक दोन्ही बाजूंना घासून गुळगुळीत झालं होतं, एका ठिकाणी तर फाटलं होतं. पत्र्याचं चाक त्याच्या जवळपासही पोचत नव्हतं.

"मग हे कशाने घासलं, साहेब?"

त्यांनी वाकून त्या फाटलेल्या प्लास्टिककडे पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटलं, बाई नुसत्या पडल्या असतील." चाकं माळ्यावर चादरीत गुंडाळलेली सापडली. बाईंनी पुढे सहा महिन्यांनी काठी टेकत न्यायालयात साक्ष दिली.

त्या चाकांनी मला एक धडा दिला. मी पुरावा शोधत नव्हतो, माझ्या डोक्यातल्या गुन्हेगाराला शोभेल असा चेहरा शोधत होतो. खडकीच्या मालकांनी गिऱ्हाइकाचा रुबाब पाहिला नाही, फक्त गाडी पाहिली. माझं काम ते माझ्यापेक्षा नीट करत होते.

मुलाच्या अर्जावर 'प्रतिकूल काही नाही' असा शेरा मारून मी सही केली. कागद न्यायला तो स्वतः आला होता. जाता जाता त्याने विचारलं, "साहेब, तसली चाकं तर लई जणांची हायती. मलाच का धरलं?"

मी फाइलमध्ये डोकं घातलं आणि म्हणालो, "चौकशीचा भाग असतो." तो नमस्कार करून गेला. हवालदार तिथेच उभे होते.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी वरिष्ठांची, मंत्र्यांची, पत्रकारांची माफी मागितली. त्या पोराला 'चूक माझी झाली' एवढे तीन शब्द म्हणायला मला जमलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.